शंभर ग्रॅमचा हात

अश्विनी वस्तीत कोणालाही वजन विचारलं, की उत्तर हसत यायचं. "साडेतेरा." "अकरा." काटा भोजनगृहाच्या दाराशीच ठेवलेला होता आणि पोटभर जेवल्यावरही लोक बिनधास्त त्याच्यावर चढत. पृथ्वीवर एवढी छाती कोणाची झाली असती? पण ही वस्ती होती चंद्रावर. चंद्र प्रत्येक वस्तूला पृथ्वीच्या एक षष्ठांश जोरानेच खाली ओढतो आणि काट्याला बिचाऱ्याला फक्त ओढच कळते. ऐंशी किलोचा गडी तिथे तेराच्या आसपास भरायचा. सहाने गुणलं की खरा आकडा निघतो, हे वस्तीतल्या चाळीसही शिकल्यासवरलेल्या माणसांना ठाऊक होतं. पण जेवल्यावर पाढे म्हणायची हौस कोणाला असते?

या चाळीस जणांना जेवू घालायचं काम ऋतुजाकाकू भालेकरांचं. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी मिरजेत खानावळ चालवली होती, तीही एकही मापटं न वापरता. मीठ चिमटीने, डाळ मुठीने, भात डावाने. त्यांच्या हाताचा लौकिक असा, की शेजारपाजारच्या बायका तान्ही बाळं घेऊन खानावळीत यायच्या. काकू हात पुसून बाळ उचलायच्या, एकदा हलकेच वरखाली करायच्या आणि सांगायच्या, "साडेतीन. दूध पुरतंय हो, निश्चिंत राहा." दवाखान्यातला काटा मग मुकाट्याने तेच सांगायचा.

चंद्रावर येऊन त्यांना पावणेदोन वर्षं झाली होती. तीन महिन्यांनी परतीचं यान निघणार होतं आणि त्याच सुमारास मिरजेत त्यांची लेक इरा बाळंत होणार होती. पहिलं नातवंड! त्याच्यासाठी काकूंनी कुंचीही शिवून ठेवली होती.

अशात एका सकाळी वस्तीचे आहारशास्त्रज्ञ डॉ. अन्वय किर्तने स्वयंपाकघरात आले. माणूस हसरा, पण त्या दिवशी जरा कसनुसं हसत होता.

"काकू, वजन किती तुमचं?"

"साडेबारा. आले तेव्हा अकरा होतं. दीड किलोचं काय एवढं?"

"सहाने गुणा."

काकूंनी गुणलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सहासष्टाच्या पंच्याहत्तर झाल्या होत्या.

"यान येतानाच्या वजनापेक्षा चारच किलो जास्त नेतं," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे तुम्हाला सत्तरची मर्यादा. त्याच्या वर असाल तर पुढच्या यानाने, दोन वर्षांनी."

"पण इथे तर मी साडेबाराच आहे ना?"

"ते वजन झालं. यानाला लागतं वस्तुमान, म्हणजे अंगात मुळात माल किती आहे ते. चंद्र ओढ कमी करतो, माल नाही कमी करत."

"आणि हा माल आला कुठून? मिरजेत खात होते तेवढंच खाते मी. दोन डाव भात, मूठभर उसळ. कणभरही जास्त नाही!"

"वस्तीतल्या छत्तीस जणांनी मला हेच सांगितलंय," डॉक्टर म्हणाले, "आणि छत्तीसही जणांचं वजन वाढलंय."

दुसऱ्या दिवशी ते एक तराजू घेऊन आले. कार्यशाळेतली दांडी, दोन ताटल्या, दोऱ्या आणि पितळेची शंभर, वीस आणि पाच ग्रॅमची मापं. "काकू, शंभर ग्रॅम पीठ काढा. नेहमीसारखं."

काकूंनी पिठात हात घातला, वजन जोखलं आणि पीठ ताटलीत टाकलं. ताटली खाली गेली. डॉक्टरांनी पलीकडे शंभरच्या मापाशेजारी वीस ग्रॅम घातले, मग आणखी पाच, तेव्हा कुठे दांडी आडवी झाली. दहा वेळा काढलं आणि दहाही वेळा ताटली खालीच गेली.

"तुमचा तराजू बिघडलाय. चंद्रावर सगळंच हलकं, हा काय सांगणार?"

"काटा फसेल, तराजू नाही फसत. इकडचं पीठ जेवढं हलकं होतं, तेवढंच तिकडचं मापही होतं." डॉक्टर पिठाच्या डब्याला टेकून उभे राहिले. "मी याला हस्तभ्रम म्हणतो. तुमच्या हाताला ग्रॅम माहीत नाहीत, मिरजेची ओढ माहीत आहे. इथे डावभर भात उचलला, की डोळा म्हणतो पुरे. हात म्हणतो, छे, हलकंच लागतंय, घाल अजून. दोघांचं भांडण होतं आणि दर वेळी हात थोडा जिंकतो. ताटात पाव हिस्सा जास्त. डोळे उघडे ठेवूनसुद्धा अंदाजपंचे!"

काकूंना फार लागलं होतं. नवरा गेला तेव्हा या हाताने संसार उभा केला होता, आणि आज दोन ताटल्यांनी त्याला खोटं पाडलं. दुपारची भांडी त्यांनी आदळत आपटत आवरली. मग त्यांनी इराच्या बाळाची कुंची पेटीतून काढली, जरा वेळ मांडीवर ठेवली आणि उठून तराजू ओट्यावर टांगला.

"कानामागून आला आणि तिखट झाला," त्या तराजूला म्हणाल्या. "ये बाबा. तूच वाढ आता."

त्या दिवसापासून प्रत्येक वाटी तराजूतून जायला लागली. वस्तीत कुरकुर सुरू झाली. "काकू, आग्रह नाही का हल्ली?" "आग्रह करीन, पण सत्तर ग्रॅमचाच," काकू म्हणायच्या, आणि लोक हसत हसत का होईना, बारीक व्हायला लागले.

पण काकू नुसत्या मोजून थांबणाऱ्या नव्हत्या. रोज भांडी आवरली की त्या पिठाच्या डब्याशी बसायच्या. मूठ भरायची, ताटलीत टाकायची, दांडी बघायची, पुन्हा मूठ भरायची. महिन्याने दहातल्या चार मुठी बरोबर आल्या. अडीच महिन्यांनी दहातल्या दहा. त्यांनी डॉक्टरांना बोलावून दाखवलं तेव्हा आनंदाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"घ्या! आता हवाय तुमचा तराजू?"

"नको," डॉक्टर मनापासून म्हणाले. "हा हात आता पक्का इथला झाला."

निघताना काकू एकोणसत्तर भरल्या, तेही सहाने गुणून. सगळ्या वस्तीने टाळ्या वाजवल्या.

पृथ्वीवर पहिले पंधरा दिवस विश्रांतिगृहात गेले. पाण्याचा तांब्याही उचलवेना. चंद्रावरून येणाऱ्या सगळ्यांचंच असं होतं, म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही. मग मिरज. इरा दारातच उभी होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली.

"आई, बरं झालं आलीस. पोर पंचवीस दिवसांची झाली. दवाखान्यातली बाई म्हणते, वजन वाढत नाहीये, वरचं दूध सुरू करा. सासूबाई म्हणतात, काही नको, चांगलं बाळसं आहे. मला काही सुचत नाही. म्हटलं, आई येऊ दे. आईच्या हाताला कळेल."

काकूंनी हात पुसले, नातीला उचललं आणि जुन्या सवयीने हलकेच वरखाली केलं.

केवढी भरलेली होती! मनगटं खाली ओढली जात होती. गुटगुटीत, भरगच्च, खाऊनपिऊन सुखी. काकूंचा जीव आनंदाने भरून आला. "काही कमी नाही हिला, निश्चिंत राहा," हे शब्द अगदी ओठांवर आले.

आणि मग त्यांना पिठाने माखलेल्या दहा मुठी आठवल्या. हात पक्का चंद्रावरचा झाला होता.

"इरा," त्या म्हणाल्या, "काटा आण."

"तुला कशाला काटा?"

"आण म्हणते ना."

काट्यावर नात दोन किलो चारशे भरली. जन्मली तेव्हा अडीच होती. इराला हुंदका फुटला. काकूंनी लगेच दुधाची बाटली उकळायला ठेवली, जावयाला दवाखान्यात पिटाळलं आणि बाळाला पुन्हा कुशीत घेतलं. संध्याकाळपर्यंत पोर वाटीभर दूध प्यायली. पिण्याआधी आणि पिऊन झाल्यावर काकू प्रत्येक वेळी तिला काट्यावर ठेवत होत्या.

"आई, आता जरा बरी वाटतेय का गं हातात?" इराने विचारलं.

काकूंच्या हातात नात मघाइतकीच जड होती. हात सांगत होता, भरली आहे, काही काळजी नको. हा हात एवढ्या मायेने खोटं बोलू शकतो, हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं.

"मला नको विचारूस, बाळा," त्या म्हणाल्या. "काटा बघ."