उपाशी गल्ली

शेवटी बेलापट्टे यांच्या दारापर्यंत ऐसपैस रस्ता झाला. पण त्याचं टेंडर निघालं नव्हतं, त्यामुळे नगरपरिषदेच्या लेखी तो झालेलाच नाही. आपणही तो झाला नाही असं धरून सुरुवात करू.

निंबळगाव चारी बाजूंनी इतकं फोफावलं की कंत्राटदार थकले. तेव्हा तिथे पाऊलखाऊ डांबर आलं. त्यात बुरशीसारखा एक जीव असतो आणि पावलांची थरथर हे त्याचं अन्न. वर्दळ असेल तिथे रस्ता आपला आपण रुंद होतो. नसेल तिथे सुकून गवताला जागा देतो.

शशिकांत बेलापट्टे यांनी निवृत्तीनंतर मुद्दाम कॉलनीच्या टोकाला घर बांधलं होतं. शिवाय पलीकडच्या नव्या वस्तीतली माणसं इकडून जाऊ नयेत म्हणून गल्लीच्या शेवटी भिंत घातली. शांतता उत्तम लाभली. मग गल्ली आखडू लागली. आधी कार अडकली, मग स्कूटर. आता त्यांच्या पत्नी कुमुदताईंना गुडघ्याच्या उपचारासाठी न्यायला येणारी रिक्षा कोपऱ्यावरच हॉर्न वाजवून परत जाई.

नगरपरिषदेच्या रस्तातज्ज्ञ डॉ. ढाकणे यांनी डांबराला कान लावला.

"उपाशी आहे हो, काका. तुमच्याकडे कुणी येत नाही का?"

"येतो की एक जण. मीटर बघायला."

"तो बंद झाला," कुमुदताई आतून म्हणाल्या. "आता मीटर हापिसात बसून वाचतात."

"मी रोज येरझाऱ्या घालतो," बेलापट्टे म्हणाले.

"एका माणसावर गल्ली जगत नाही. भिंत पाडा. लोक आरपार जायला लागले की खाईल पोटभर."

बेलापट्टे यांनी भिंतीवरून हात फिरवला. तिच्यावर काचा त्यांनी स्वतः निवडून लावल्या होत्या.

"अहो," कुमुदताई म्हणाल्या, "ती भिंत माझा गुडघा चोळून देणार आहे का?"

भिंत पडली. शाळेची पोरं, दूधवाले, एक अख्खी वरात, सगळं तिथूनच जाऊ लागलं. रस्ता गुटगुटीत झाला, अंगण खाऊन पायरीला टेकला. रिक्षा दारात आली. कुमुदताईंचा गुडघा सुधारला, आणि त्याही त्याच रस्त्याने दुपारभर पलीकडे भिशीला जाऊ लागल्या.

बेलापट्टे दारात खुर्ची टाकून बसत. सगळं गाव समोरून जाई. कुणी थांबेल म्हणून केलेला जास्तीचा चहा थर्मासमध्ये तसाच राही.

अखेर त्यांनी मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज केला:

"...तरी सदर रस्त्यावरून जाणाऱ्या नागरिकांपैकी रोज किमान एकाने अर्जदाराच्या दाराशी थांबून 'काय चाललंय' असे विचारावे, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत तेथून हलू नये, असे आदेश निर्गमित व्हावेत, ही नम्र विनंती."