सात गाठींची फीत

लढाई संपवून आमचे हे घरी आले ते बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन. आत पदकं होती. आफ्रिकेत ह्यांनी लष्कराची लॉरी चालवली, इटालियन कैद्यांची ने-आण केली, तिथेच हा नाद लागला. इटलीच्या हुकूमशहाने वाटलेली ती पदकं, त्यांवर काठ्यांच्या मोळीत बांधलेली कुऱ्हाड. गावी आल्यावरही हे शहाद्या-तळोद्याच्या माजी शिपायांकडे जाऊन अदलाबदल करत. रविवारी दुपारी ओसरीवर डबा उघडायचा, आणि मी चिंच अन् राख आणून घासायला बसायचं.

अशाच एका रविवारी ह्यांचा लष्करातला दोस्त सुकलाल एक पदक घेऊन आला. "चुडामण, हाई बाईमाणूसनं शे," तो म्हणाला. त्या देशात खूप पोरं असलेल्या आईला हे मिळे. जेवढी पोरं, तेवढ्या फितीवर धातूच्या बारीक गाठी. ह्या फितीवर सात होत्या. ज्या कैद्याजवळ ते होतं त्याची आई आणि सगळी भावंडं बॉम्बखाली गेली. पुढे तोही छावणीत तापाने गेला.

हे हसले. "आपला घरमा ते प्रमिलावहिनीलेच शोभी."

प्रमिलाबाई माझी थोरली जाऊ. तिला पाच. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि कूस रिकामी. मी बोटं काळी होईतो राख चोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सगळे कापूस वेचायला गेले. मी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिले. डबा उघडला, ते पदक पदराला टाचलं आणि आरशासमोर उभी राहिले. घरात चिटपाखरू नव्हतं. हळूहळू एक वास आला... जुनी भिंत पाडल्यावर येतो तसा, चुन्याचा आणि धुळीचा. मग माझ्या मागे कुणीतरी श्वास घेतला.

मी वळले नाही. खरं सांगते, भीती वाटली, पण पदक काढावंसं वाटेना.

संध्याकाळी जावेचा धाकटा गिरधर, तीन वर्षांचा, धावत आला आणि माझ्या पायांना बिलगला. "मामा," म्हणाला. सगळे हसले. काकूला मामा म्हणतो म्हणून त्याची थट्टा झाली. पण तो आईकडे जाईना.

मग मी रोज दुपारी पदक टाचू लागले. गिरधर माझ्या हातून जेवायचा, माझ्या अंथरुणात झोपायचा. प्रमिलाबाई सुकत चालली. एकदा चुलीपाशी म्हणाली, "कौसा, माले आजून चार शेतस. पन हाऊ बी मन्हाच शे ना... दे परत."

"मी काय त्याले बांधी ठेयेल शे का?" मी म्हटलं. आणि मनातून गोड वाटलं मला.

एका रात्री जेवताना गिरधरने पुन्हा तशीच हाक मारली. ह्यांचा घास हातातच राहिला. "हाऊ शब्द याले कोन्ही शिकाडा?" मग खालच्या आवाजात म्हणाले, "त्या देशमा मायले मामा म्हंतस."

मी गिरधरकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या खांद्यामागे, जरा वर, कुणाच्या तरी तोंडाकडे बघून हसत होता.

इतके दिवस त्याने मला हाक मारलीच नव्हती. घाबरायचं सोडून माझ्या अंगाची आग झाली. माझ्या कुशीत निजलेलं पोर आणि हाक तिला...

मी ह्यांना सगळं कबूल केलं. पहाटेच हे गेले आणि पदक तापीत टाकून आले.

त्या दुपारी आम्ही दोघी जावा ओसरीवर कापूस निवडत होतो. गिरधर उठला, अंगणाच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात वर केले.

"मामा..."

त्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले. वीतभर, मग हातभर.

आम्ही एकदमच धावलो. एक पाय तिने धरला, एक मी. वरून ओढ होती, पण हळुवार. लेकराला दुखू नये अशी.

"सोड," प्रमिलाबाई वर बघत पुटपुटली. "सोड बाई... आमनं शे."

आमनं, म्हणाली ती.

ओढ सुटली. पोर आमच्या अंगावर पडलं, अजून हसतच होतं. त्याचे गाल, मान, सगळे केस ओले झाले होते. ऊन कडक होतं. आम्हा दोघींपैकी कुणी रडलं नव्हतं. मी त्याच्या गालावरून बोट फिरवून जिभेला लावलं.

खारट होतं.