बेस नाय

दोष चिमणकाकाचा. म्हातारा माणूस, उमेशचा सख्खा काका, म्हणून पाड्यावर सगळे गप्प बसतात. म्हणून नाव आधीच घेतलेलं बरं.

त्या संध्याकाळी उमेश डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात गेला तो साध्या कामाला. बहिणीचा, सोमीचा, निळा कोट परत द्यायचा होता. सोमी पंधरा दिवसांपूर्वी रबराच्या टाकीपाशी पडली ती उठलीच नाही. कोट कोणी हातात घेईना. "चिमण मुकादमाला दे," म्हणाले. आणि काका म्हणाला, "गाडीत बस. वाटेत बोलू."

गाडी म्हणजे कामगारांची बस. तीही सोमीमुळेच आलेली. कारखान्याने कामगारांच्या मनाची काळजी घ्यायला एआय आणलं होतं. भिंतीवर स्क्रीन, आणि त्यातली बाई रोज प्रत्येकाला नाव घेऊन विचारायची, 'आज मन कसं आहे?' सोमी तीन महिने एकच सांगत होती, "जीवाला बेस नाय." बेस म्हणजे बरं, हे पाड्यावर शेंबड्या पोरालाही कळतं. यंत्राने लिहिलं, 'बस नाही.' साहेबांनी काकाला विचारलं, बरोबर आहे का? काकाला दोन्ही बोली येतात. काका म्हणाला, "बरोबर, साहेब. लांबून येतात बिचारी." बस सुरू झाली. काकाने नारळ फोडला आणि मुकादम झाला. सोमी त्याच बसने रोज टाकीपाशी जात राहिली.

बस तलासरीच्या रस्त्याला लागली तेव्हा दिवस मावळत होता. आत दिवा नव्हता. ड्रायव्हरच्या, हाल्याच्या, डोक्यावर कारखान्यातल्यासारखाच स्क्रीन होता, तो तेवढा निळसर उजेड टाकत होता. सगळ्यांच्या कपड्यांना रबराच्या औषधाचा उग्र वास. कोणी उतरलं की बाई हळू म्हणायची, "तुळशी उतरली... प्रवीण उतरला..."

"सोमीची नोंद बंद करायचीय," काका कुजबुजला. "घरच्या माणसाचा आवाज लागतो. स्क्रीनवरची बाई विचारील, तू म्हण, समाधानी. एवढंच. सोमवारपासून तिच्या जागेवर तू."

"तिच्या जागेवर म्हणजे टाकीपाशी?"

"बारावी सोडून ताडाखाली बसतोस, त्यापेक्षा बरं."

"आणि ती काय म्हणत होती ते कोण सांगणार?"

"उम्या... गाडी बंद करतील. वीस घरं चालतात हिच्यावर."

मागून रखमीमावशी म्हणाली, "बोल ना बाबा. मेलेलीला काय फरक पडतो..."

"फरक पडत नाय, तर सगळे घाबरता कशाला, मावशी?"

दोन माणसं दांडा धरून उभी होती, तरी रखमीमावशीच्या शेजारची खिडकीची जागा रिकामी होती.

"तिथं का बसत नाय कोणी?"

"ओली असते ती," हाल्या आरशात न बघता म्हणाला. "रोज..."

स्क्रीन उजळला. "सोमी, आज मन कसं आहे?"

काकाने कोपर मारलं. उमेश कोट घेऊन उभा राहिला.

"बेस नाय," तो मोठ्याने म्हणाला. "बस नाय नव्हे. बेस नाय. तिला बरं नव्हतं. चिमणकाकाला ठाऊक होतं."

स्क्रीनवर अक्षरं उमटली, पहिल्यांदाच बरोबर. बेस नाय. उमेश गप्प झाला, तरी खाली पुन्हा उमटली. बेस नाय. बेस नाय... त्या रिकाम्या जागेकडून औषधाचा वास आला, ताजा, डोळे चुरचुरतील असा.

"बंद कर," काका म्हणाला. "हाल्या, बंद कर ते..."

"याला बटण नाय, काका."

चिंचेच्या थांब्यावर बस सवयीने थांबली. सोमीचा थांबा. पंधरा दिवस इथे दार उघडायचं, बाई म्हणायची, "सोमी उतरली," आणि सगळे मान खाली घालून ऐकायचे. यंत्राची चूक, असं काकाने सांगून ठेवलं होतं.

उमेश उतरला. दार थोडा वेळ उघडंच राहिलं.

"सोमी उतरली नाही," बाई म्हणाली.

दार लागलं. काकाचं घर शेवटच्या थांब्यावर. बस त्याला घेऊन पुढे निघाली, तेव्हा उमेशच्या लक्षात आलं, हातात कोट नाही. जाताजाता खिडकीच्या जागेवर त्याला निळं काहीतरी दिसलं, ताठ बसलेलं.

नोकरी रखमीमावशीच्या भाच्याला मिळाली. पाड्यावर उमेशशी आता कोणी बोलत नाही.