कमरेला खोचलेली सुपारी

त्या सकाळी निमिषला फक्त रिस्टबँड आणायचे होते. जुलैचं स्वच्छ ऊन, कोलोरॅडोतलं डोंगरातलं गाव आणि तिकीटखिडकीसमोर जेमतेम चार माणसं. हिवाळ्यात या गावाचं पोट बर्फावर चालतं. बर्फ वितळला की तेच उतार आणि तेच लिफ्टचे पाळणे घेऊन ते उन्हाळी पाहुण्यांपुढे उभं राहतं. या, वर चढा, खाली घसरा, फुलं बघा. निमिषनं दोन रिस्टबँड मागितले, एक स्वतःला आणि एक नऊ वर्षांच्या लेकीला, निधीला. खिडकीतल्या मुलीनं काचेतून दोघांकडे पाहिलं, मग त्यांच्या मधे पाहिलं, गोड हसली आणि तीन पट्ट्या कापून दिल्या.

तिसरी परत करायला त्यानं हात पुढे केला, तोवर मागचा माणूस खिडकीशी पोचला होता. फुकट आलेली वस्तू परत करताना आपल्या माणसाचा हात तसाही जरा जडच असतो. निमिषनं पट्टी खिशात टाकली आणि विसरून गेला.

ही सगळी सहल नेत्राची, त्याच्या बायकोची होती. म्हणजे तिनं आखलेली. कुठं राहायचं, कोणत्या तळ्याकाठी डबा खायचा, निधीनं कोणत्या गाडीत बसायचं, सगळं तिनं स्वतःच्या अक्षरात एका वहीत लिहून ठेवलं होतं. मग आजार आला आणि वही तशीच राहिली. तिला जाऊन चौदा महिने झाले होते. या चौदा महिन्यांत निधी शाळेबद्दल बोलायची, सॉकरबद्दल बोलायची, पण 'आई' हा शब्द तिनं एकदाही उच्चारला नव्हता. केस मोकळेच ठेवायची. नेत्रा तिची पाचपेडी वेणी घालायची. बापाला साधी तीन पेडांची जमत नव्हती, आणि दुसऱ्या कुणाला ती डोक्याला हात लावू देत नसे. पोरीनं एकदा तरी 'आई' म्हणावं, एकदा तरी मोकळं रडावं, एवढ्यासाठी निमिष ती वही घेऊन अॅशबर्नहून इतक्या लांब आला होता.

आता सुपारीचं सांगायला हवं, कारण चूक तिथं झाली.

महिन्यापूर्वी अॅशबर्नमधल्या नव्या घरात त्यानं सत्यनारायण घातला. नेहमीचे गुरुजी भारतात गेलेले, म्हणून नवे आले. राजस गुरुजी, सोमवार ते शुक्रवार कुठल्याशा कंपनीत कोड लिहिणारे आणि शनिवार-रविवारी देवाचं करणारे. पाट एकच मांडलेला बघून त्यांनी सहज विचारलं, "वहिनी बाहेरगावी का?"

खरं सांगायला किती वेळ लागला असता? पण निधी शेजारीच तुळशीची पानं निवडत होती, स्वयंपाकघरातून शिऱ्याचा वास येत होता, माणसं हसत होती. निमिषच्या तोंडून शब्द गेला, "हो." गुरुजींनी सराईतपणे एक सुपारी त्याच्या पीतांबराला कमरेशी खोचली. जोडीदार बाहेरगावी असला की अशी सुपारी लावून जोडीची पूजा करता येते, आपल्याकडची जुनी सोय आहे. "या झाल्या वहिनी," ते म्हणाले. "पूजा झाली की आठवणीनं विसर्जन करा. बोलावलेल्या माणसाला निरोपही द्यायचा असतो."

पूजा झाली, जेवणं झाली, गुरुजींना पुढच्या घरी जायचं होतं. पीतांबर बदलताना निमिषनं सुपारी खुंटीवरच्या सॅकच्या छोट्या कप्प्यात टाकली. उद्या बघू म्हणाला. ते उद्या काही उगवलं नाही, आणि तीच सॅक आता त्याच्या पाठीवर होती.

लिफ्टचा पाळणा चार जणांचा. निमिष एका टोकाला बसला, निधी पार दुसऱ्या टोकाला. मधे सरक म्हणाला तर "आयॅम फाइन, बाबा," एवढंच बोलली आणि तिथंच बसून राहिली. लिफ्टवरच्या दाढीवाल्या माणसानं त्यांच्यापुढचा दांडा खाली ओढला आणि वरच्या ठाण्याला कळवण्यासाठी रेडिओत म्हणाला, "थ्री." पाळणा जमिनीवरून सुटला. खाली जांभळी, पिवळी रानफुलं, पाइनचा वास, कुठंतरी पाण्याचा आवाज. आणि मग पाइनच्या वासातूनच हळूच दुसरा वास आला. अमृतांजन. उंचीवर गेलं की नेत्राचं डोकं दुखायचं, ती कपाळाला चोळायची. निमिषनं सगळे खिसे चाचपले. अमृतांजन त्यानं आणलंच नव्हतं. निधी समोर बघत होती, आणि तिचा हात मधल्या रिकाम्या जागेवर उताणा ठेवलेला होता.

वर एक छोटं तळं होतं. त्याच्याकाठी त्यांनी वहीत लिहिल्याप्रमाणे पोळीची गुंडाळी खाल्ली. दुपारी वादळं येतात, एकच्या आत खाली उतरा, अशी पाटी होती. पण निधीला डोंगरउतारावरून रुळांवर घसरत जाणाऱ्या गाडीत बसायचंच होतं. वहीत त्यापुढे नेत्रानं दोन रेघा ओढल्या होत्या. एकेकाची छोटी गाडी, दोन्ही बाजूंना दांडे; पुढे ढकलले की वेग, मागे ओढले की ब्रेक. उंचीच्या खुणेला निधीचं डोकं नेमकं टेकलं, म्हणजे एकटीला परवानगी. निमिष मागच्या गाडीत बसणार होता. निधीची गाडी सुटली, पहिल्या वळणाआड गेली, आणि त्याच क्षणी भोंगा वाजला.

वीज चमकली की इथं नवी गाडी सोडत नाहीत; सुटलेली मात्र उतारावरून तशीच खाली जाते. निमिषला गाडीतून उतरवून लाकडी आडोशाला नेलं. पाच मिनिटांत दिवसाढवळ्या अंधारून आलं. ढग डोंगरावर उतरला, आडोशाचे खांबसुद्धा दिसेनात, आणि पत्र्यावर गारा वाजू लागल्या. आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. खाली कुठंतरी, त्या पांढऱ्या काळोखात, ओल्या रुळांवर त्याची पोर एकटी होती. तिच्या मनगटांत ते दांडे ओढायची ताकद नव्हती, हे त्याला आत्ता सुचत होतं. तो धावत सुटणार होता, दोघांनी धरून ठेवला. माणूस अशा वेळी देवाचं नाव घेतो म्हणतात. निमिषच्या तोंडून नेत्राचं आलं. "नेत्रा... बघ गं तिला... नेत्रा..."

रेडिओवाली मुलगी खालच्या ठाण्याला पुन्हापुन्हा विचारत होती. बराच वेळ नुसती खरखर. मग एक आवाज आला. गाडी पोचली, मुलगी ठीक आहे. रेडिओवालीनं निमिषच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढचं वाक्य त्याला हसत सांगितलं.

"काळजी करू नका. तिची आई आहे तिच्याजवळ."

निमिष मटकन खाली बसला. आनंदानं की भीतीनं, हे त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

वादळ ओसरून त्याला खाली न्यायला तास लागला. निधी लॉजच्या शेकोटीपाशी घोंगडी पांघरून हॉट चॉकलेट पीत बसली होती. ठाण्यावरचा म्हातारा निमिषला सांगू लागला की तुमच्या बायकोनं कमाल केली, अशा गारांत ते ब्रेक ओढून धरणं पोराचं काम नव्हतं, आणि खरं तर एका गाडीत दोघांना बसू देत नाहीत, पण आता जाऊ द्या. आत्ता इथंच होत्या, म्हणाला. निमिषचं लक्ष नव्हतं. तो निधीच्या पाठीकडे बघत होता. ओल्या केसांची घट्ट, रेखीव पाचपेडी वेणी घातलेली होती.

तो तिच्याजवळ बसला. घोंगडी तिच्या खांद्यावर नीट ओढली. तीच बोलली.

"आईचे हात खूप थंड होते, बाबा." चौदा महिन्यांनी आलेला तो शब्द इतका साधा आला की निमिषचे डोळे भरून आले. "शी वॉज सो टायर्ड. डोकं दुखत होतं तिचं. ती म्हणाली, बाबाला विचार... मी जाऊ का?"

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी नको म्हटलं." मग निधी त्याच्या कुशीत शिरली आणि रडली. लोक वळून बघायला लागले तरी रडत राहिली. निमिषनं तिला रडू दिलं, आणि तोही रडला.

तिला झोप लागल्यावर त्यानं सॅकचा छोटा कप्पा उघडला. सुपारी ओली होती. बाकी सॅक कोरडी ठणठणीत.

त्यानं गुरुजींना फोन लावला. गुरुजी मीटिंगमध्ये होते, बाहेर येऊन दबक्या आवाजात बोलले. निमिषनं या वेळी सगळं खरं सांगितलं.

"निमिष, तेव्हाच सांगायला हवं होतं तुम्ही," गुरुजी म्हणाले. "ती सुपारी बाहेरगावी गेलेल्या माणसासाठी असते. जो परत येणार असतो, त्याच्यासाठी. तुम्ही त्यांना वाटेत उभं करून ठेवलंत..." मग जरा थांबून म्हणाले की घाबरू नका, वाहतं नाहीतर साठलेलं कुठलंही स्वच्छ पाणी चालेल. मनापासून निरोप द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक पुन्हा वरच्या तळ्यावर गेले. निमिषनं निधीला सांगितलं होतं की आई दमली आहे, आपल्यासाठी थांबून थांबून दमली आहे. निधीनं मान डोलावली होती. तिनं रात्री वेणी सोडली नव्हती. तळ्याचं पाणी बर्फाचं, हात घातला की हाडापर्यंत कळ जाई. दोघांनी मिळून सुपारी ओंजळीत धरली. निमिषला खूप बोलायचं होतं, तुझ्या वहीतलं सगळं केलं, पोरगी रडली एकदाची, आता तू सुखानं जा. त्यातलं काहीच निघेना. ओंजळ पाण्यात उघडली. अशा वेळी सवय माणसाला हात देते. दरवर्षी मागच्या अंगणात बादलीत गणपती बुडवताना जे म्हणतात, जन्मभर विसर्जनाला जे ऐकलं, तेच त्याच्या तोंडी आलं.

"पुनरागमनाय च."

आणि शेजारी निधीनंही, पाठ असल्यामुळे, तेच म्हटलं.

सुपारी बुडाली. पाण्यावरचं शेवटचं वर्तुळ काठाला लागलं तेव्हा निमिषला प्रश्न पडला, आपण तिला निरोप दिला की पुन्हा बोलावलं? शब्द मागे घेता आले असते, निदान दुसरं काही म्हणता आलं असतं. त्यानं म्हटलं नाही. खरं सांगायचं तर त्याला म्हणायचं नव्हतं.

उतरताना दाढीवाल्यानं दांडा खाली ओढला आणि रेडिओत म्हणाला, "टू." निमिषनं मधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. पण निधी सरकत मधे आली, त्याच्या दंडाला टेकली, आणि आईच्या गोष्टी सांगायला लागली ती खाली पोचेपर्यंत थांबली नाही. आई पोळीवर तूप कशी सोडायची, गाडीत कसं खोटं खोटं घोरायची. वारा आला, त्याला फक्त पाइनचा वास होता.

ऑगस्ट संपता संपता शाळा सुरू झाली. निधी घरात खुशाल 'आई' म्हणू लागली, नेत्राचा फोटो जिन्यातून दिवाणखान्यात आला. निमिष व्हिडिओ बघून बघून तीन पेडांची वेणी शिकला. बरी यायची, जरा वाकडी. तळ्याकाठच्या त्या दोन शब्दांबद्दल तो कुणाशी बोलला नाही.

मग गणपती आले. राजस गुरुजींना आता सगळं ठाऊक होतं, त्यामुळे या वेळी त्यांनी आपण होऊन एकच पाट मांडला. निमिष पीतांबर नेसून बसला. गुरुजींनी पळीभर पाणी त्याच्या हातावर सोडलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "संकल्प एकट्याच्याच नावानं ना?"

हो म्हणणार, तेवढ्यात त्याला कमरेशी काहीतरी टोचलं. त्यानं हात नेला. पीतांबराच्या निरीत एक गोल, टणक वस्तू खोचलेली होती. ओली, आणि इतकी गार की बोटांतून हाडापर्यंत कळ गेली.

जिन्यावरून निधी खाली आली. केस पाचपेडी वेणीत घट्ट बांधलेले, आणि हातात एक पाट. आणायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तो बापाच्या पाटाशेजारी जपून ठेवला, रांगोळी पुसू नये इतका जपून.

गुरुजी अजून उत्तराची वाट बघत होते.

"नाही, गुरुजी," निमिष म्हणाला. "जोडीनं करू."