कोलांटी कोणी मारली?

"गुडघे, आमोद, गुडघे! काठी आहेस का तू? टेकताना गुडघे मऊ ठेव!"

आनंदकाका कमरेवर हात ठेवून ओरडत होता आणि ट्रॅम्पोलिनवर आमोद बेडकासारखा वरखाली होत होता. जाळीबाहेर वल्लरी, साई आणि श्रद्धा पोट धरून हसत होते.

"आता थांबून दाखव बघू! ब्रेक!"

आमोदने पाय टेकताच गुडघे वाकवले, हात पुढे केले आणि तो जागच्या जागी गपकन थांबला.

"शाब्बास! उडी कोणीही मारतं. थांबता येतं तोच खरा!" काका म्हणाला.

आमोद आणि त्याची मोठी बहीण वल्लरी मे महिन्याच्या सुट्टीसाठी नारायण पेठेतून काकाकडे धायरीला आले होते. काका हिंजवडीला आयटीत होता. वर्षभर अमेरिकेत काम करून परतल्यावर त्याने बंगल्याच्या मागच्या अंगणात हे भलंमोठं गोल ट्रॅम्पोलिन आणून बसवलं होतं. लोखंडी कडं, त्याला स्प्रिंगांनी ताणलेलं काळं कापड, स्प्रिंगांवर निळी गादी आणि भोवती उंच जाळी. सगळ्या धायरीत असं दुसरं नव्हतं!

साई आणि श्रद्धा ही भावंडं समोरच्या गल्लीतली. त्यांचे वडील उत्तरेश्वर बीडकडून आलेले, कारखान्यात कामाला होते. काकाने पहिल्याच दिवशी फाटकातून डोकावणाऱ्या त्या दोघांना आत बोलावलं आणि चौघांनाही एकदमच शिकवायला घेतलं. आधी नुसती सरळ उडी. नजर समोर, पायांत खांद्यांइतकं अंतर, उडी कापडाच्या मधोमध. मग गुडघे पोटाशी घेऊन उडी. मग बसून टेकायची आणि पुन्हा उभं राहायची बैठी उडी. साईला ती इतकी झकास जमायची की काकासुद्धा टाळ्या वाजवायचा.

नियम मात्र कडक! एका वेळी एकच जण. पायात चप्पल-बूट नाहीत. उतरताना उडी मारायची नाही, शिडीनेच यायचं. "आणि कोलांटी? कोलांटी मारलीत तर ट्रॅम्पोलिन भंगारात!" काका बजावायचा.

"ए काका, तुला सगळं येतं!" वल्लरी म्हणायची. तिला ते खरंच वाटायचं.

एका शनिवारी वल्लरी आणि आमोद मावसभावाच्या मुंजीला पेठेत गेले. हेमाकाकू आधीच माहेरी गेली होती. रविवारी सकाळी दोघं परत आले, तर साई आणि श्रद्धा फाटकाशी वाटच बघत होते. काका ओट्यावर चहा घेत मोबाईलवर बोलत होता. डोळे तांबारलेले होते.

"काका, मारू का उड्या?"

"अं? मारा, मारा," मान न वळवताच तो म्हणाला.

पहिला नंबर साईचा. वल्लरी आणि आमोद शिडीपाशी चपला काढायला वाकले. कापड दोनतीनदा दणाणलं, मग कसलासा तट्ट आवाज झाला आणि पाठोपाठ साईची किंकाळी!

साई कडेला आडवा पडला होता. निळी गादी सरकली होती आणि त्याचा डावा हात लोखंडी कड्यावर आपटून वेडावाकडा झाला होता.

काका धावत आला. त्याने साईला अलगद उचलून गाडीत घातलं आणि वल्लरीला बरोबर घेऊन दवाखाना गाठला. मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालताना साई रडत सांगत होता, "मी सरळ उडी मारली. कापडच एका बाजूला खाली गेलं!"

"कोलांटी मारली असणार," काका डॉक्टरांना म्हणाला. "किती वेळा बजावलं होतं! पण मुलं ऐकतात कुठं?"

वल्लरीने चमकून काकाकडे बघितलं. काका तर पाठमोरा बसला होता! त्याला कसं दिसलं?

संध्याकाळी उत्तरेश्वर फाटकाशी आले. कारखान्याचे कपडेही बदलले नव्हते. हात जोडून म्हणाले, "साहेब, माफी करा. तुम्ही एवढ्या मायेनं शिकवलं अन् आमच्या पोरानं असं केलं. तुमच्या वस्तूचं काही नुकसान तर न्हाई झालं?"

काकाने नजर चुकवली. मग म्हणाला, "असू दे, असू दे. मुलंच आहेत."

वल्लरी हे सगळं खिडकीतून बघत होती.

दुसऱ्या दिवशी ट्रॅम्पोलिनवर ताडपत्री पडली. "कोणी हात लावायचा नाही," असं सांगून काका ऑफिसला गेला. गल्लीत पोरं साईला 'कोलांटीसम्राट' म्हणून चिडवत होती. वाण्याच्या दुकानात, दळणाच्या गिरणीत, सगळीकडे काकाने तेच सांगितलं होतं.

"दादानं कोलांटी मारलीच नाही!" श्रद्धा पाय आपटत म्हणाली. "मी बघत होते ना! पण मी लहान, म्हणून माझं कोणी ऐकतच नाही. बाबा तर त्याच्याशी बोलतपण नाहीत."

"आम्ही ऐकतो," वल्लरी म्हणाली. "चला, ताडपत्री काढू या."

"काकाने नको सांगितलंय!" आमोद दचकला. "आणि तू काकावर संशय घेतेस? आपल्या काकावर?"

"संशय नाही. नुसतं बघायचंय."

ताडपत्री बाजूला होताच आमोदच ओरडला, "अरेच्चा! हे काय?"

काळ्या कापडावर मातीचे मोठमोठे ठसे होते. बुटांचे! एक नाही, वेगवेगळ्या तळव्यांचे.

"आपण तर अनवाणी असतो," साई प्लास्टरचा हात सांभाळत म्हणाला.

वल्लरीने कडेची निळी गादी उचलली आणि ती वाकून बघू लागली. एका बाजूच्या कितीतरी स्प्रिंगा ताणून लांबुडक्या झाल्या होत्या. तीन-चार तर नव्हत्याच. त्यांच्या जागी करड्या रंगाची वायर पिळून बांधलेली होती आणि एक वायर सुटून लोंबत होती.

आमोदने ती हातात घेतली. त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "ताई, ही नेटवर्कची वायर आहे. काकाच्या खोलीत हिचं भेंडोळं आहे. मला त्यानेच दाखवलं होतं."



"झालं का काही संशोधन?" भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला. शेजारच्या मंदाकिनीआजी! निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. बागेला पाणी घालता घालता त्या मुलांकडेच बघत होत्या.

"आजी, शनिवारी इथे कोण आलं होतं?" वल्लरीने विचारलं.

"कोण म्हणजे? तुझ्या काकाच्या ऑफिसातला हत्तींचा कळप! संध्याकाळभर एकेका वेळी चार-चार जण उड्या मारत होते, बुटांसकट. मी म्हटलं, सर्कशीचं तिकीट कुठे मिळतं ते तरी सांगा. तर तुझा काकाच म्हणतो, आजी, तुम्हीपण या!"

वल्लरी ट्रॅम्पोलिनच्या कडेला खाली बसली. एका वेळी एकच जण. पायात बूट नाहीत. हे सगळं ज्याने शिकवलं, त्यानेच मोडलं होतं! आणि रविवारी सकाळी, सगळं माहीत असून, "मारा, मारा" म्हणाला होता. तिला रडायला येत होतं, पण राग त्याहून मोठा होता.

"आई-बाबांना सांगू," आमोद म्हणाला.

"साई खरं सांगत होता तेव्हा कोणी ऐकलं का? आजींनी फक्त उड्या बघितल्या. आताही म्हणतील, मुलांनीच तोडलं असेल."

संध्याकाळी त्याहून भयंकर गोष्ट कळली. काका फोनवर सांगत होता, "हो, प्रियदर्शनी मॅडम, रविवारी येऊन घेऊन जा. तुमच्या बालवाडीतली मुलं खूश होतील. नाही हो, अगदी नव्यासारखं आहे!"

आमोदने वल्लरीचा दंड घट्ट धरला. "बालवाडी! तिथे श्रद्धाहून लहान मुलं असतील!"

"आता काकाला सगळ्यांसमोर बोलतं करायचं," वल्लरी म्हणाली. "आणि आपण एक अक्षरही सांगायचं नाही. तोच सांगेल."

त्यांनी काकाला सांगितलं की ट्रॅम्पोलिनला निरोप द्यायला छोटासा कार्यक्रम करायचाय. काकाला काय, बरंच वाटलं! रविवारी अंगणात सतरंजी अंथरली. बिबवेवाडीहून प्रियदर्शनी मॅडम टेम्पो घेऊन आल्या. मंदाकिनीआजी खुर्चीत विराजमान झाल्या. उत्तरेश्वर आणि साईची आई मालनबाई संकोचून कडेला उभे राहिले.

आधी मुलांनी गवतावरच सगळं करून दाखवलं. उभं कसं राहायचं, हात कसे फिरवायचे, ब्रेक कसा लावायचा. साई एका हाताने प्लास्टर धरून सूचना देत होता. मॅडम खूश झाल्या.

"आणि आता," वल्लरी मोठ्याने म्हणाली, "आम्हाला हे सगळं ज्याने शिकवलं, तो आमचा काका शेवटची उडी मारेल!"

टाळ्या पडल्या. काकाचा चेहरा उतरला.

"मी? नको. पाठ दुखतेय माझी."

"एकच उडी!"

"नको म्हटलं ना!"

"बरं, मग श्रद्धा मारेल," वल्लरी म्हणाली.

श्रद्धा टुणकन शिडीच्या पहिल्या पायरीवर चढली. ठरल्याप्रमाणे आमोदने मागून तिचा फ्रॉक मुठीत घट्ट पकडला होता. वल्लरी मात्र काकाकडेच बघत होती.  तो आताही गप्प बसला तर?

श्रद्धाने दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला.

"थांब! चढू नकोस!" काका किंचाळला. "तिकडच्या स्प्रिंगा गेल्यात!"

सगळ्यांच्या नजरा काकाकडे वळल्या.

वल्लरीने हळूच विचारलं, "तुम्हाला कसं माहीत, काका?"

काकाला ती आजवर कधी 'तुम्ही' म्हणाली नव्हती.

तिने निळी गादी उचलली. करडी वायर सगळ्यांना दिसली. कोणी काही विचारण्याआधीच काका खाली बसला आणि जमिनीकडे बघत सांगू लागला. शनिवारची पार्टी, तुटलेल्या स्प्रिंगा, घाईघाईत बांधलेली वायर. "वाटलं, मुलं हलकी आहेत, तेवढ्यापुरतं टिकेल. आणि साई पडल्यावर... तोंडातून निघून गेलं. मग मागे घेता येईना."

"आनंदराव, आणि हे तुम्ही माझ्या मुलांना देणार होतात?" प्रियदर्शनी मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"तुम्हाला सांगणार होतो, स्प्रिंगा बदला म्हणून."

"कधी? दुसरा हात मोडल्यावर?" मंदाकिनीआजींनी विचारलं.

उत्तरेश्वर पुढे आले. आवाज चढवला नाही. "साहेब, मी तुमच्यापुढं हात जोडले, तवा तुम्ही 'असू दे' म्हणालात. तवापासून मी पोराशी धड बोललो न्हाई. त्याचं दुखणंसुदिक विचारलं न्हाई." एवढं बोलून त्यांनी साईला जवळ ओढलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. मालनबाईंनी पदराने डोळे टिपले.

मॅडमनी टेम्पो रिकामाच परत पाठवला. जाताना त्या चौघांना म्हणाल्या, "आज तुम्ही कितीतरी लहानग्यांचे हातपाय वाचवलेत!"

"मीही कौतुक करते," मंदाकिनीआजी म्हणाल्या. "नीट ऐकून घ्या, नोकरीतसुद्धा मी ते फारसं केलेलं नाही. श्रद्धा, आधी तुझंच ऐकायला हवं होतं आम्ही."

श्रद्धा लाजून भावामागे लपली. वल्लरीला मात्र त्या कौतुकाने बरं वाटत नव्हतं. कोडं सुटलं होतं, पण आपला संशय खोटा निघाला असता तर तिला जास्त आवडलं असतं.

काका तिच्याजवळ आला. "वल्लू, चुकलो गं. काय करू सांग."

"मला काय विचारता? साईला विचारा."

साईने थोडा विचार केला. "जिथं जिथं मी कोलांटी मारली म्हणून सांगितलंत, तिथं तिथं आता खरं सांगा. मी असताना."

काका निघाला, पाठोपाठ साई आणि वल्लरीही. आधी वाण्याचं दुकान. दुकानात गिऱ्हाईकं होती. काका उंबऱ्याशी घुटमळला, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साईने कोलांटी मारली नव्हती. ट्रॅम्पोलिन मी मोडलं होतं. मी खोटं बोललो."

मग गिरणी. मग कोपऱ्यावर क्रिकेट खेळणारी पोरं. प्रत्येक ठिकाणी त्याचा आवाज आणखी खाली जात होता आणि साईची मान आणखी वर येत होती. चिडवणाऱ्यांतला एक जण खेळ सोडून आला आणि म्हणाला, "सॉरी रे."

"अजून दवाखाना राहिला," साई म्हणाला.

काकाने मान हलवली. चालता चालता त्याने सवयीने मागे हात केला, वल्लरीने धरावा म्हणून. वल्लरीने तो हात बघितला. धरला नाही. ती दोन पावलं मागे राहिली आणि साईच्या प्लास्टरला गर्दीत धक्का लागू नये म्हणून त्याच्या डाव्या बाजूने चालू लागली.