निबंधातली ‘मी’

उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा वास.

वाकड्या पात्याचा पंखा.

घडी न मोडलेली जांभळी साडी.

लाल शाईतलं ‘परंतु’.

घाम आला की पेन कानामागे अडकवणारा एक मुलगा.

या पाच ओळींना बांधणारं काही नाही. जोडणारा शब्द नसला की वाक्यं भांडलेल्या जावांसारखी पाठ करून बसतात, असं तो मुलगाच म्हणायचा. तर आता जोडून.

मुलगा रवी, फुलसावंगीचा. मुलगी अर्पिता, राळेगावकडची. ती आर्णीत मावशीकडे राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करायची. तिथल्या अभ्यासिकेत दर रविवारी सगळे एकाच विषयावर निबंध लिहीत. वर नाव घालायचं नाही. अभ्यासिका चालवणाऱ्या बेबीताई कागद पत्त्यांसारखे पिसून वाटत, आणि ज्याच्या हाती जो येईल तो त्याने तपासायचा. दिवाळीनंतरच्या पहिल्याच रविवारी अर्पिताचा कागद रवीकडे गेला. मंगळवारी परत आला तो घायाळ होऊन.

“कोणी तपासला हा?”

कोपऱ्यातून एक हात वर झाला.

“एवढं लाल? रक्तदान शिबिर होतं काय?”

“तू लिहिलं, ‘झाडे तोडण्यात आली.’ कोणी तोडली? ज्यानं केलं त्याले वाक्यात आण ना.”

“अन् हे ‘परंतु’ कायले घुसवलं?”

“तुही दोन वाक्यं एकमेकाशी बोलून नव्हती राह्यली. ओळख करून दिली.”

ती हसली नाही... म्हणजे, दारापर्यंत हसली नाही.

मग ती कागदाचा कोपरा दुमडू लागली. वाटणी झाली की रवी तो कोपरा शोधून गुपचूप अदलाबदल करून घ्यायचा. तपासताना डब्यातल्या शेंगा सोलायचा. चार हिरवे दाणे तिच्या वहीवर, दोन स्वतःच्या तोंडात.

त्याने एक गोष्ट तिला पक्की शिकवली होती — निबंधातला ‘मी’ खरा नसतो, तो घडवायचा असतो. स्वतःच्या धडधाकट बापाला त्याने निबंधात दोनदा मारलं होतं. एकदा पुरात, एकदा वीज पडून.

“काका कसे आहेत आता?” ती विचारायची.

“बरे आहेत. कापूस वेचून राह्यले.”

“येत्या रविवारी जपा म्हणा त्यायले.”

यापलीकडे कोणी काही बोललं नाही. जातही कोणी विचारली नव्हती. हजेरीच्या वहीत आडनावं होतीच.

संक्रांत झाली. शनिवारी तिच्या बाबांचा, पुंडलिकरावांचा फोन आला. “तुले पाहून गेले होते ना, त्यायचा होकार आला. बुधवारपर्यंत आपलं कळवायचं हाय. तुह्या मनात काही असन तर सांग, बाई.”

मनात होतं. पण ते एकटीने बोलायची छाती होत नव्हती. रवी पाठीशी आहे, एवढं आधी कळायला हवं होतं — आणि ते त्याला तोंडाने विचारवत नव्हतं.

रविवारचा विषय निघाला, ‘माझ्या आयुष्यातील निर्णय’.

अर्पिताने सगळं खरं लिहिलं. बाबांचा फोन. बुधवार. शेजारी बसणारा मुलगा. आणि तो एक शब्द बोलला, तर मी घरी नाही म्हणेन, हे. एक वाक्य कर्त्यावाचून नव्हतं, एक वाक्य सुटं नव्हतं. तिने कोपरा दुमडला.

मंगळवारी कागद परत आला. दोन ठिकाणी ‘तरीही’ घातलेलं. खाली लाल शाईत — ‘शेवट अधांतरी. नायिकेने त्याच्या शब्दाची वाट पाहत बसू नये. तिने स्वतः ठरवून निबंध संपवावा.’

तिने तीनदा वाचलं. संध्याकाळी घरी फोन लावला.

“चालते मले,” ती म्हणाली.

साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. जांभळी साडी सासरकडून आली होती, तिची घडी अजून मोडली नव्हती. सोमवारी ती पुस्तकं न्यायला अभ्यासिकेत आली, सोबत पेढे. रवीने एक उचलला.

“कोणाचं?”

“माहं. साक्षगंध.”

पेढा हातातच राहिला. वर पंखा खटखटत होता.

“म्हणजे तो... बुधवार खरा होता?”

“सगळंच खरं होतं.”

“मले वाटलं, घडवलं. माह्या बापाच्या मरणासारखं.”

“स्वतःले ओळखलं नाही त्यात?”

“ओळखलं ना. दोन दिवस तेच वाचून राह्यलो होतो. वाटलं, हे खरं असतं तर...”

“मंग तसं काहून नाही लिहिलं?”

“तपासणाऱ्यानं तसं लिहायचं नसते.”

तिने पुस्तकं पिशवीत भरली. एक बसेना, म्हणून काढून पुन्हा घातलं.

“मी येतो राळेगावले,” तो अचानक म्हणाला. “तुह्या बाबाशी मी बोलतो.”

इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा असं सरळ बोलला होता. तिने त्याच्याकडे नीट, डोळे भरून पाहिलं.

“बाबांनी मले विचारलं होतं, रवी. कोणी जबरदस्ती नाही केली.” पिशवीचा बंद तिने खांद्यावर घेतला. “हो मीच म्हटलं.”

ती पायऱ्या उतरली. राळेगावकडची गाडी दीडची होती.

त्या निबंधाला रवीने पंचवीसपैकी बावीस गुण दिले होते.