पासंग

तराजूची दोन्ही पारडी रिकामी असतानाही एक वर आणि एक खाली राहत असेल, तर वरच्या पारड्याला खालच्या अंगाने एखादा खिळा किंवा शिशाचा तुकडा बांधून दांडी समपातळीत आणली जाते. या बांधलेल्या वस्तूस पासंग म्हणतात. उघडपणे बांधला तर ती दुरुस्ती, लपवून बांधला तर ती लबाडी. माझे सारे आयुष्य वजनकाटे दुरुस्त करण्यात गेले आहे. कोणता दुकानदार पासंग कोठे दडवतो हे ओळखणे माझ्या दृष्टीने डाव्या हाताचा मळ होय. इतके सांगून मूळ हकिकतीकडे वळतो.

आमचे दुकान रस्त्याच्या बाजूस असून घर त्याच्या पाठीमागे आहे. पत्नीला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मोठ्या इस्पितळात तिची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर कित्येक आठवडे किरणांचा शेक देण्यात आला. शेवटच्या दिवशी तेथील सर्जन, जे उंच असून किंचित पोक काढून चालतात, आम्हांस म्हणाले,

“उपचार संपले. आता पहारा. दर तीन महिन्यांनी मला येऊन दाखवायचं. मध्येच रक्त दिसलं, पाय सुजला, वजन उतरायला लागलं, तर तारखेची वाट बघायची नाही.”

पत्नीने मान हलवली. फाटकाबाहेर आल्यावर मात्र ती थबकली. मागे राहिलेल्या सोबत्यासाठी थांबावे तशी. थकली असेल असे मला वाटले. टॅक्सीत ती मागच्या आसनाच्या अगदी कडेला, दाराला चिकटून बसली.

“तुम्ही पुढे बसा,” ती म्हणाली. “मागे जागा नाहीये.”

मागे जागा भरपूर होती.

पुढील तपासण्या कोठे करावयाच्या हा प्रश्न त्याच आठवड्यात निघाला, आणि तो काढला पत्नीच्या थोरल्या बहिणीने. तिला आम्ही सर्व अक्का म्हणतो. अक्काच्या घरामागील गल्लीत एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंचे क्लिनिक आहे. पहारा बसवायचाच तर तो तेथे बसवावा, असे अक्काचे मत.

“ही काय पळून चाललेली कैदी आहे? एवढ्या लांब ओढत न्यायची, तासन्‌तास बाकावर बसवायची. भाऊजी, एक विचारते. आजार हिला झाला की तुम्हाला?”

“अक्का, मुद्दा असा आहे की ज्यांनी शस्त्रक्रिया केली, त्यांनाच आतील परिस्थितीचे यथार्थ ज्ञान—”

“बघा, झालं सुरू. पुस्तक मिटा आणि माणसासारखं बोला.”

पत्नी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मी तिलाच विचारले. उत्तर देण्यापूर्वी तिने शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले.

“मला त्या मोठ्या इस्पितळात नको. तिथं फार एकटं वाटतं.”

“मी असतो ना बरोबर!”

“हो, तुम्ही असता,” ती म्हणाली. भिंतीकडे पाहून ‘भिंत आहे’ म्हणावे, तसा तो स्वर होता.

अखेर अक्काचे पारडे जड ठरले. डॉक्टरीणबाई स्वभावाने मायाळू आणि कामात काटेकोर होत्या. त्यांनी सर्व कागद वाचले, तपासणी केली आणि पत्नीला तबकडीच्या वजनकाट्यावर उभे केले. शस्त्रक्रियेच्या आधी जे वजन होते तेच भरले. पाव किलोचाही फरक नव्हता.

“वा! वजन छान टिकलंय. तपासणीतही काही नाही. काही वाटलं तर आहेच मी. नाहीतर सहा महिन्यांनी या.”

बरोबर आलेल्या अक्काने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच तो आजार होतो.

त्या दिवसापासून मी पत्नीच्या बोटातील अंगठीकडे लक्ष देऊ लागलो. भांडी धुताना अंगठी निसटू लागली होती. तिने अंगठीच्या मागच्या बाजूस दोरा गुंडाळून ती घट्ट केली. काही दिवसांनी त्यावर आणखी दोरा चढला. पुढे तो दोराच सोन्याहून जाड दिसू लागला. ती जेवत होती, कामे उरकत होती, तक्रार कसलीच नव्हती. परंतु तिच्या गळ्याची हाडे दिवसागणिक वर येत होती. मी काही बोललो की ती म्हणे, “वजन तेवढंच आहे ना? मग झालं.”

एके दुपारी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी तिचा पाय घसरला आणि मी तिला दोन्ही हातांवर झेलले. जन्मभर वजने उचललेल्या हातांना एक अंदाज असतो. त्या क्षणी माझ्या हातांना काही लागलेच नाही. रिकामी टोपली उचलावी, तशी ती उचलली गेली.

मी प्रमाण वजनांची पेटी घेऊन डॉक्टरीणबाईंच्या क्लिनिकमध्ये गेलो. तेथील काट्याची देखभाल माझ्याचकडे आहे. एकेक वजन ठेवून पाहिले, स्प्रिंग उघडून पाहिली, फळीखाली हात घालून चाचपले. काटा निर्दोष होता. पासंग कोठेही नव्हता.

घरी येऊन मी पत्नीला दुकानातील काट्यावर बोलावले. ती आलीही. पुन्हा तोच आकडा.

“झालं समाधान?” असे म्हणून ती उतरली.

तबकडीवरील काटा वेगाने मागे फिरला आणि मध्येच थांबला. फळीवर कोणीही नव्हते. काटा तेथे किंचित थरथरत राहिला. मग, कोणीतरी सावकाश पाय काढून घ्यावा तसा तो शून्यावर आला.

मी फळीवर तळहात ठेवला. जेथे पत्नीची पावले होती तेथे ती उबदार होती. त्याच्या शेजारी एक जागा थंडगार आणि दमट लागली.

“तू कशावर उभी होतीस?” मी विचारले. प्रश्न चुकीचा होता हे मला कळत होते, परंतु योग्य प्रश्न सुचेना.

“सारखं काय तोलताय मला? मी काय भंगार आहे?” असे म्हणून तिने पडदा बाजूस सारला. आत गेल्यानंतरही तिने तो हाताने धरून ठेवला होता. मागून येणाऱ्याला धरावा तसा. नंतर सोडला.

मी सर्व अक्काच्या कानावर घातले. अक्का पोट धरून हसली.

“शेवटी काटेवाल्यानं काट्याचा नायटा केलाच! भाऊजी, डॉक्टर म्हणते बरी आहे, मशीन म्हणतं बरी आहे, ती स्वतः म्हणते बरी आहे. तुम्हालाच ती आजारी का हवी आहे हो?”

हे वाक्य मला फार लागले. त्या रात्रीपासून बिछान्यातही मला जागा अपुरी पडू लागली. पत्नी एका कडेला, मी दुसऱ्या कडेला. मधील गादी दबलेली.

सर्जनांनी सांगितलेली तीन महिन्यांची तारीख जवळ आली, तेव्हा मी हट्टास पेटलो. एकदाच चल, नंतर तू म्हणशील तसे, असे मी विनवले. ती तयार झाली. पण ज्या नजरेने तिने माझ्याकडे पाहिले ती नजर संसारात पाहावयास मिळू नये. टॅक्सीत ती पुन्हा दाराला चिकटून बसली. फाटकाशी उतरल्यावर तिने वाकून मागच्या आसनाकडे पाहिले.

“इथंच थांब,” ती हळू म्हणाली.

“थांबू का मी?” टॅक्सीवाल्याने विचारले.

“तुम्ही नाही.”

टॅक्सीवाल्याने माझ्याकडे पाहिले. मी पैसे देऊन नजर वळवली.

आत परिचारिकेने तिला काट्यावर उभे केले आणि कपाळाला आठ्या घातल्या. तिला उतरवून ती स्वतः चढली, मान हलवली, पत्नीला पुन्हा चढवले.

“मशीन बिघडलं म्हणावं तर माझं बरोबर दाखवतंय.”

मी आकडा पाहिला. माझ्या हातांनी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी जे जोखले होते, नेमके तेच वजन समोर होते.

सर्जनांचा चेहरा बदलला. तपासणी झाली, रक्त घेतले गेले, त्याच दिवशी स्कॅन झाला. संध्याकाळी त्यांनी आम्हांस खोलीत बसवले.

“आतल्या बाजूला एक गाठ दिसतेय. लहान आहे, अजून हाताशी आहे. किरणांचे डॉक्टर, औषधांचे डॉक्टर आणि मी, तिघं मिळून ठरवू. पण उपचार इथं आणि नंतरच्या तपासण्याही इथंच. वजन इतकं उतरलं आणि तुम्ही गप्प कसे राहिलात?”

“बाहेर उतरत नाही ते,” पत्नी म्हणाली. “आणि मी इथं येणार नाही.”

सर्जनांना तो हट्ट वाटला असावा. ते शांतपणे उठले. “नाही यायचं हे ठरवायचा हक्क तुमचा आहे. पण आधी दोघं बोला. मी बाहेर आहे.”

दार लागले.

“ते आत येत नाही,” ती म्हणाली.

“कोण?”

“मी इथं असले की बाहेर ताटकळतं. उपाशी राहतं.”

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला.

“शेकाच्या खोलीत मला एकटीला ठेवून तुम्ही सगळे दाराबाहेर जायचात. तेव्हा माझ्याजवळ कोण राहिलं? माझ्यातलं जे जे कमी झालं ते त्यानं भरून काढलं. तुम्ही काय केलंत? आकडा बघितलात.”

“तेच तुला कमी करतंय!”

“असेल.” तिच्या आवाजात आश्चर्याचा लवलेशही नव्हता. “पण सोडलं नाही त्यानं मला.”

“तू इथे आली नाहीस तर मरशील.”

“मी येईन हो. पण मग ते कुणाकडं राहील?”

बाहेर सर्जनांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. माझा संयम सुटला. संताप, भीती, इतक्या दिवसांचे अक्काचे टोमणे, सगळे एकदम तोंडाशी आले.

“माझ्याकडे राहू दे! झालं?”

दुरुस्तीस आलेला काटा मी ज्या प्रकारे न्याहाळतो, त्याच प्रकारे तिने मला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळले.

“नक्की?”

“नक्की.”

“मग बोलवा डॉक्टरांना.”

फाटकाबाहेर टॅक्सी मिळाली. पत्नीने पुढचे दार उघडले.

“मी पुढे बसते,” ती म्हणाली.

मी मागे बसलो.

टॅक्सी सुरू होण्यापूर्वी माझ्या शेजारचे आसन हळूहळू खाली दबले.

त्यानंतर ती नेमाने इस्पितळात जाऊ लागली. उपचारांना यश आले. गाठ विरली. तीन-तीन महिन्यांच्या तपासण्या तिने एकदाही चुकवल्या नाहीत; फाटकाशी ती आता थबकतही नाही. गळ्याची हाडे बुजली. अंगठीवरचा दोरा तिने एका सकाळी कात्रीने कापून टाकला, आणि तरीही अंगठी बोटात घट्ट बसली.

अक्का भेटावयास आली आणि बहिणीला पाहून रडली.

“चुकलंच माझं, भाऊजी. तुम्ही नसतात तर...” मग डोळे पुसून तिने माझ्याकडे निरखून पाहिले. “पण तुम्ही किती वाळलात हो! कपडे लोंबतायत नुसते. डॉक्टरला दाखवलंत का?”

“वजन तेवढंच आहे,” मी म्हणालो.

हे खरे होते. मी रोज दुकानातील काट्यावर उभा राहतो. आकडा तोच असतो. पाव किलोचाही फरक नाही.

काल भांडी विसळताना माझी अंगठी निसटून मोरीत पडली. पत्नीने ती उचलून पुसली. काही विचारले नाही. फडताळातून दोऱ्याचे रीळ काढून तिने अंगठीच्या मागच्या बाजूस दोरा गुंडाळला, गाठ मारली, उरलेला दोरा दाताने तोडला आणि अंगठी माझ्या बोटात घातली.

मग माझ्या डाव्या खांद्याच्या थोडे पलीकडे पाहून ती ओळखीचे हसली.

रीळ तिने फडताळात परत ठेवले नाही. ते माझ्या उशाशी ठेवले आहे.